दाविदाचीं गीतें आणि आपली उपासना

‘ज्युबिली’ हा शब्द आपण या वर्षीं शेंकडों वेळां उच्चारिला. परंतु तो मुळांत इब्री आहे हें थोड्यांसच ठाऊक असेल. ‘योबेल’ म्हणजे मेंढ्याचें शिंग. शिंग फुंकून ज्या पन्नासाव्या वर्षाची घोषणा करावी, दासांस मुक्त करावें व विकलेली जमीन मूळ कुळास परत द्यावी असें मोशेच्या नियमशास्त्रांत सांगितलें आहे, त्या वर्षास हें नांव पडलें. ‘आमेन’ व ‘आलेलुया’ हेही त्याच भाषेचे शब्द. परंतु त्या प्राचीन प्रजेकडून उपासनेसाठीं आपणांस लाभलेला मोठा ठेवा दीडशें पवित्र गीतांचा आहे. त्याविषयीं या प्रसंगीं चार शब्द लिहिणें उचित वाटतें.

हीं सर्व स्तोत्रें एकट्या दावीद राजानें रचिलीं अशी सामान्य समजूत आहे. इब्री ग्रंथांत त्याचें नांव ७३ स्तोत्रांच्या मथळ्यांत आढळतें. कांहींवर आसाफाचें, कांहींवर कोरहाच्या वंशजांचें नांव आहे, आणि कित्येकांवर कोणाचेंच नाहीं. १३७ वें स्तोत्र तर बाबेलच्या बंदिवासाची आठवण सांगतें, म्हणजे दाविदानंतर सुमारें चारशें वर्षांनीं घडलेल्या गोष्टीची. तेव्हां हा ग्रंथ एका संपूर्ण प्रजेच्या अनेक शतकांच्या प्रार्थनेचा आहे.

या गीतांत आपल्या ओवीसारखें अक्षराचें यमक शोधूं नये. येथें जोडी जुळते ती अर्थाची. पहिल्या चरणांत जें सांगितलें तेंच दुसरा चरण निराळ्या शब्दांनीं सांगतो, अथवा त्याची उलट बाजू दाखवितो. अशी जोडी भाषांतरांतही टिकते. म्हणूनच ग्रीक, लॅटिन वा मराठी, कोणत्याही भाषेंत या गीतांचा प्राण राहतो.

प्रभु येशूच्या ओठीं हींच गीतें होतीं. शेवटच्या भोजनानंतर स्तोत्र गाऊन तो व त्याचे शिष्य जैतुनाच्या डोंगराकडे निघाले, असें संत मत्तय व संत मार्क लिहितात. वल्हांडणाच्या रात्रीं ११३ ते ११८ हीं स्तोत्रें म्हणण्याचा यहुद्यांचा परिपाठ आहे. क्रुसावर त्यानें फोडलेला टाहो २२ व्या स्तोत्राचा आरंभ होय. इ. स. ७० मध्यें रोमनांनीं यरुशलेमचें मंदिर उद्ध्वस्त केलें आणि तेथील यज्ञ थांबले. परंतु गीतें सभास्थानांत व ख्रिस्तसभेंत जिवंत राहिलीं. सहाव्या शतकांत संत बेनेदिक्त यांनीं आपल्या मठवासीयांस दर आठवड्यास दीडशेंही स्तोत्रें म्हणण्याचा नियम घालून दिला. ज्यांस वाचतां येत नसे ते त्यांऐवजीं तितक्याच वेळां लहान प्रार्थना म्हणत. जपमाळेच्या पंधरा रहस्यांत १५० ‘नमो मरिया’ असत त्या याच हिशेबानें. २००२ मध्यें पोप दुसरे जॉन पॉल यांनीं प्रकाशाचीं पांच रहस्यें सुचविलीं. तोंवर हाच हिशेब चालत आला. आपल्या आजीच्या हातांतली माळ म्हणजे निरक्षरांची स्तोत्रसंहिताच होती.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७० च्या मिस्साग्रंथानें, पहिल्या वाचनामागून येणारें स्तोत्र साऱ्या मंडळीच्या मुखीं दिलें. पण आपण त्याचें काय केलें? बहुतेक वेळां ध्रुवपद पुटपुटतों व पुढील वाचनाची वाट पाहतों. कधीं गायकवृंद त्याजागीं आपल्या आवडीचें गीत घालितो. या दोषांत मीही वांटेकरी आहें.

कांहीं वर्षांपूर्वीं, तरुण पुत्राच्या दफनानंतर, एका बापानें मला विचारिलें, “फादर, देवाशीं भांडलों तर पाप लागेल काय?” मजपाशीं उत्तर नव्हतें. मी ८८ वें स्तोत्र उघडून त्यांस वाचून दाखविलें. तें आरंभापासून शेवटपर्यंत गाऱ्हाणें आहे, आणि त्याचा शेवट अंधारांतच होतो. तरीही तें गाऱ्हाणें देवापुढेंच मांडलेलें आहे. हेंच स्तोत्र ख्रिस्तसभा दर शुक्रवारीं रात्रीं आम्हां धर्मगुरूंच्या मुखीं घालते. तें ऐकून ते गृहस्थ बराच वेळ रडले, आणि पुढच्या रविवारीं मिस्साला आले.

केवळ आनंदाचीं गीतें गाणाऱ्या देवळांत दुःखितास जागा कोठें? या दीडशें गीतांत स्तुति आहे, पश्चात्ताप आहे, क्रोधही आहे. मनुष्याचें सारें अंतःकरण तेथें देवासमोर उघडें आहे. या ज्युबिलीनिमित्त प्रत्येक कुटुंबानें एक तरी स्तोत्र मुखोद्गत करावें, व संध्याकाळच्या माळेनंतर तें मुलांसह म्हणावें, एवढीच माझी विनंति आहे. पुढें ज्या दिवशीं आपले स्वतःचे शब्द संपतील, त्या दिवशीं तें उपयोगी पडेल.