पाठांतराकडून अर्थाकडे : मद्रास प्रांतातील अभिजात ग्रंथवाचनाची कथा

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख लिहावा अशी सूचना आली, तेव्हा मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गातील एक लहानसा प्रसंग प्रथम डोळ्यांपुढे उभा राहिला. आठवी ते दहावीतील मुलांनी हात जोडून, डोळे मिटून, एका सुरात पसायदान म्हटले. उच्चार स्वच्छ, चाल निर्दोष. पालक कौतुकाने पाहत होते. म्हणून झाल्यावर मी सहज विचारले, "यातील 'व्यंकटी' या शब्दाचा अर्थ काय?" क्षणभर शांतता पसरली. मग नववीतला एक चुणचुणीत मुलगा आत्मविश्वासाने उत्तरला, "व्यंकटी म्हणजे तिरुपतीचा देव!"

सारेच हसले, मीही हसलो. परंतु घरी जाताना ते हसू मावळले. चेन्नईत वाढलेल्या मुलाला व्यंकटी म्हटल्यावर वेंकटाचलपतीच आठवावा हे स्वाभाविकच आहे. दोष त्याचा नव्हता. वर्षानुवर्षे आपण मुलांच्या मुखी ज्ञानेश्वर दिले, पण हाती दिले नाहीत. दोष असलाच तर तो आपला. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा, कुटिलता, एवढे मुलाला सांगून प्रश्न मिटत नाही. पौगंडवयातील मुलामुलींना जुना ग्रंथ वाचायला आणि त्याच्या अर्थाचा शोध घ्यायला कसे शिकवावे, हा खरा प्रश्न आहे. तो आपल्यापुढेच प्रथम उभा राहिला असेही नाही. ज्या भूमीत आपण राहतो, तिथे या प्रश्नाचा दीर्घ आणि बोधप्रद इतिहास आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच मागोवा घेण्याचा अल्प प्रयत्न केला आहे.

या भूमीतील मराठीचा प्रवाह सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणातला. व्यंकोजीराजांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर हस्तगत केले आणि १८५५ पर्यंत तेथे भोसले घराणे नांदले. त्या काळात ग्रंथ शिकण्याची मुख्य वाट होती ती कानांची. रामदासी मठांतून दासबोध ऐकला जाई. कीर्तनकार एकेक पद घेऊन त्याचा पूर्वरंग-उत्तररंग उलगडत. ही कीर्तनपद्धती तमिळ भूमीत इतकी रुजली की पुढे तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी (१८४१-१९०३) तिला तमिळ हरिकथेचे रूप दिले आणि ओवी, अभंग, साकी, दिंडी ही आपली वृत्ते तमिळ श्रोत्यांच्या ओळखीची झाली. कीर्तनकार हा एका परीने त्या काळचा साहित्याचा शिक्षकच होता. मात्र त्याच्यापुढे बसलेल्याने ऐकायचे असे. प्रश्न विचारायचा नसे.

दुसरी वाट उघडली ती सरफोजीराजांनी (दुसरे, राज्यकाल १७९८-१८३२). मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली ते शिकले, काही वर्षे मद्रासेत राहिले आणि इंग्रजीसह अनेक भाषांत पारंगत झाले. सरस्वती महाल ग्रंथालयाची कीर्ती मुख्यत्वे त्यांच्यामुळे. त्यांनी शाळा काढल्या, देवनागरी छापखाना उभारला आणि इसापच्या नीतिकथा मराठीत आणवून 'बाळबोध मुक्तावली' या नावाने छापविल्या. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकातील ही गोष्ट. म्हणजे शाळेतल्या मुलासाठी छापलेले मराठी पुस्तक पुण्या-मुंबईच्या आधी कावेरीकाठी तयार झाले! कान देऊन बसणाऱ्या मुलाच्या हाती पुस्तक आले. अर्थ मागे उलटून पुन्हा पाहण्याची सोय झाली.

परंतु हाती पुस्तक आले म्हणजे वाचन आले असे नव्हे. मुंबई इलाख्यात १८५४ साली परशुरामपंत तात्या गोडबोले यांचे 'नवनीत' प्रसिद्ध झाले आणि ज्ञानेश्वर, मुक्तेश्वर, वामन, मोरोपंत हे शाळेच्या बाकापर्यंत पोहोचले. हे उपकार फार मोठे. तथापि वेच्यांच्या पुस्तकाबरोबर परीक्षा आली, आणि परीक्षेबरोबर टिपणे. पुढे तर मुंबई विद्यापीठाच्या उच्च परीक्षांतून मराठीलाच बराच काळ स्थान उरले नाही; ते परत मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानड्यांना आयुष्याच्या अखेरीपर्यंत झगडावे लागले. आपल्या भाषेतील थोर ग्रंथ विद्यार्थ्यांनी चिकित्सेने वाचावेत, ही गोष्टच अनेक विद्वानांना पटत नव्हती.

नेमक्या याच काळात तमिळ देशात एक विलक्षण घटना घडली. १८८० साली कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात उ. वे. स्वामिनाथ अय्यर हे पंचवीस वर्षांचे तरुण तमिळ पंडित म्हणून रुजू झाले. महाविद्वान मीनाक्षिसुंदरम पिळ्ळै यांच्यापाशी त्यांनी वर्षानुवर्षे अध्ययन केले होते. असंख्य स्थलपुराणे, अंतादी, कोवै त्यांना मुखोद्गत होत्या. त्यांच्यासमोर बसणारी कॉलेजच्या खालच्या वर्गातील मुले वयाने आजच्या अकरावी-बारावीतलीच. त्याच वर्षी सेलम रामस्वामी मुदलियार नावाचे मुन्सफ तेथे बदलून आले. भेटीस गेलेल्या अय्यरांना त्यांनी विचारले, आपण काय काय वाचले आहे? अय्यरांनी ग्रंथांची लांबलचक यादी सांगितली. मुदलियार मात्र मुळीच प्रभावित झाले नाहीत. जुने ग्रंथ कोणते वाचलेत, 'जीवकचिंतामणी' वाचलीत काय, असा त्यांचा प्रश्न होता. अय्यरांनी ती पाहिलीही नव्हती. पुढे या प्रसंगाचे वर्णन त्यांनी आपल्या 'एन् चरित्तिरम्' या आत्मचरित्रात अत्यंत प्रांजळपणे केले आहे.

हस्तलिखित मिळाले तरी अर्थ लागेना. ग्रंथ जैन परंपरेतला. त्यातील संज्ञा शैव पंडिताला अपरिचित. तेव्हा हा विद्वान गृहस्थ कुंभकोणमच्या जैन कुटुंबांच्या दारी गेला आणि शिष्यासारखा बसून एकेका शब्दाचा अर्थ विचारू लागला. जुना टीकाकार नच्चिनार्क्किनियर ज्या ग्रंथांतील वचने देतो ते ग्रंथ कोणते, हे शोधत ते गावोगाव हिंडले. १८८७ साली मद्रासेत 'चिंतामणी' छापून झाली. १८९२ मध्ये 'शिलप्पधिकारम्', १८९४ मध्ये 'पुरनानूरु', १८९८ मध्ये 'मणिमेखलै'. १९०३ पासून १९१९ पर्यंत ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवीत होते. मरीनावरून फिरायला जाताना त्या कॉलेजच्या आवारातील त्यांचा पुतळा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यापुढे क्षणभर थांबावे. 'मला हे ठाऊक नाही' असे स्वतःशी कबूल करणारा शिक्षकच विद्यार्थ्याला वाचायला शिकवू शकतो, याचे ते स्मारक आहे.

आपल्याकडेही हे घडलेच आहे. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या पाठांचे शुद्धीकरण केले. राजवाड्यांनी १९०९ मध्ये जुन्या पोथीवरून तिची आवृत्ती सिद्ध केली. एका अक्षरासाठी झुरणारी ही माणसे अय्यरांच्याच जातकुळीतली.

मद्रासच्या इंग्रजी वर्गाचीही एक आठवण येथे सांगितली पाहिजे, कारण तिचा धागा पुण्याला जाऊन मिळतो. ट्रिप्लिकेनच्या हिंदू हायस्कूलचे मुख्याध्यापक व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री (१८६९-१९४६) हे इंग्रजीचे नाणावलेले शिक्षक. शब्दाच्या नेमक्या छटेविषयी त्यांचा कटाक्ष प्रसिद्ध होता. १९०७ साली मुख्याध्यापकपद सोडून ते नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले आणि १९१५ मध्ये गोखल्यांच्या पश्चात त्याचे अध्यक्ष झाले. याच शास्त्रीबुवांनी १९४४ साली, आयुष्याच्या संध्याकाळी, मैलापूरला वाल्मीकिरामायणावर तीस व्याख्याने दिली. श्रीराम हा मनुष्य आहे असे समजून त्याच्या निर्णयांचा विचार करावा, ही त्यांची भूमिका. भक्ताला ती प्रथम खटकेल. परंतु ज्या ग्रंथावर आपले प्रेम आहे त्यालाच प्रश्न विचारावेत, हा हायस्कुलातल्या उत्तम मास्तरांचा धडा त्यांनी उभ्या शहराला दिला.

आता आपल्या मुलांकडे वळू. तमिळनाडूच्या २००६ च्या कायद्याने राज्याच्या शाळांतून तमिळ टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. त्यामुळे आपली अनेक मुले तिरुक्कुरळ वाचतात, तेथील शब्दार्थ लिहितात. घरी कित्येकदा तक्रारीचा सूर निघतो की, तमिळमुळे मराठी मागे पडते. माझा अनुभव नेमका उलटा आहे. तमिळ परंपरेत टीकेचे प्रकार ठरलेले आहेत. पदवुरै म्हणजे पदापदाचा अर्थ, पोऴिप्पुरै म्हणजे सारांशरूप अर्थ आणि विळक्कवुरै म्हणजे विवरण. आपल्या जुन्या शाळांतील अन्वय, सरलार्थ आणि रसग्रहण यांची ही सख्खी भावंडेच होत. दोहोंत क्रम एकच : आधी शब्द, मग वाक्य, मग विचार. बाजारी मार्गदर्शके पहिल्या दोन पायऱ्या गाळून तिसरीचे तयार उत्तर विद्यार्थ्याच्या हाती ठेवतात. म्हणूनच मुलाला गुण मिळतात आणि ग्रंथ मात्र मिळत नाही.

त्या रविवारनंतर आम्ही वर्गाची रीत बदलली. फळ्यावर एकच ओवी लिहायची. प्रत्येक मुलाने तिची पदवुरै करायची, तमिळ तासाला करतात तशीच, फक्त मराठीत. कोणता शब्द अडला ते निःसंकोच सांगायचे, शब्दकोश उघडायचा, मग अन्वय लावायचा. एका तासात एक ओवी, क्वचित दोन. पालकांना प्रथम हा वेग फार संथ वाटला. परंतु व्यंकटी म्हणजे तिरुपतीचा देव असे सांगणाऱ्या त्याच मुलाने एके दिवशी हात वर केला आणि विचारले, "म्हणजे दुष्ट माणसे नाहीशी व्हावीत असे ज्ञानेश्वर मागत नाहीत? माणसे राहतील, फक्त त्यांचा वाकडेपणा जाईल?" शेजारची मुलगी म्हणाली, "पण मग त्यांना शिक्षा कोण करणार?" आणि वर्ग अर्धा तास भांडला. मी गप्प बसून होतो. इतक्या वर्षांत पसायदान इतक्या लक्षपूर्वक मीही ऐकले नव्हते.

तमिळला २००४ साली आणि मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंदाचीच गोष्ट. परंतु भाषा अभिजात ठरते ती शासनाच्या निर्णयाने; अभिजात राहते ती पंधरा वर्षांच्या मुलामुलींच्या प्रश्नांनी. तंजावरच्या आपल्या बांधवांचा अनुभव याबाबत विचार करायला लावणारा आहे. साडेतीनशे वर्षे त्यांनी घरात मराठी बोली जिवंत ठेवली, ही सामान्य निष्ठा नव्हे. पण पूर्वजांची मोडी कागदपत्रे वाचू शकणारे हात त्यांच्यात आज विरळा. बोली उंबरठ्याच्या आत टिकली, वाचन मात्र ग्रंथालयाच्या कपाटात राहिले. आपल्या नातवंडांचे तसे होऊ नये, एवढीच तळमळ.

मंडळाच्या पन्नास वर्षांत गणेशोत्सव झाले, नाटके झाली, कोजागिरीचे दूध आटले. हे सर्व पुढेही व्हावेच. त्याबरोबर आठवड्यातून एक तास, एक ओवी आणि एक प्रामाणिक प्रश्न एवढे जरी पुढच्या पन्नास वर्षांसाठी आपण राखून ठेवले, तरी या महोत्सवाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.