परिचारिका-शिक्षण व नागपूरचा मातृसेवा संघ

धरमपेठेच्या पूर्वेस लागून असलेल्या सीताबर्डीचें नांव नागपूरकरांच्या मनांत मातृसेवा संघाशीं निगडित आहे. कमलाबाई होस्पेट व वेणूताई नेने ह्यांनीं १९२१ सालीं चार खाटांच्या प्रसूतिगृहानें ह्या संस्थेचा आरंभ केला. ह्या प्रयत्नाचें वर्णन बहुधा दयाबुद्धीचें कार्य असें होतें. तें अपुरें आहे. संस्थेच्या मुळाशीं आधीं विद्या आहे व मग दया, हें दाखविणें एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

पूर्वीं सुईणपण घरांतल्या घरांत, वडीलधारीकडून धाकटीकडे जाई. हाताचा अनुभव दांडगा असला तरी स्वच्छतेच्या अज्ञानानें कित्येक बाळंतिणी दगावत. उच्चवर्णीयांत तर हें काम विटाळाचें म्हणून हलकें गणलें जाई. १८८५ सालीं स्थापन झालेल्या डफरिन फंडानें स्त्रियांकरितां रुग्णालयें व शिक्षण ह्यांची सोय आरंभिली. पुढें १९०३ च्या सुमारास लेडी कर्झन ह्यांच्या व्हिक्टोरिया स्मारक फंडानें परंपरागत सुइणींनाच शिकविण्याचा उपक्रम केला. अशा रीतीनें दोन वाटा झाल्या: जुन्या सुईणीस नवें ज्ञान देणें व नव्या स्त्रीस ही विद्या मुळापासून शिकविणें.

दुसरी वाट विधवांस विशेष उपकारक ठरली. पुण्यास १९०९ सालीं निघालेल्या सेवासदनानें रमाबाई रानडे ह्यांच्या नेतृत्वाखालीं स्त्रियांस ससून रुग्णालयांत परिचर्येचें शिक्षण देवविलें. खानदेशांतील शिरपूर येथें १८९६ सालीं जन्मलेल्या कमलाबाईंना कोवळ्या वयांत वैधव्य आलें. त्यांनीं नागपूरच्या डफरिन रुग्णालयांत हें शिक्षण घेतलें. आश्रित म्हणून दिवस कंठण्याऐवजीं आपल्या विद्येच्या बळावर त्या उभ्या राहिल्या व डॉक्टर नसतांहि प्रसूतिगृह चालविण्यास धजल्या.

१९४७ च्या भारतीय परिचर्या परिषदेच्या कायद्यानें ह्या शिक्षणास देशभर एक माप लाभलें. आज साहाय्यक परिचारिका-प्रसाविकेचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, तर सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्येचा तीन वर्षांचा आहे. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनीं त्यापुढें १८ महिन्यांच्या विशेष प्रसाविका-शिक्षणाची योजना घातली.

कमलाबाईंना १९६१ सालीं पद्मश्री मिळाली. त्यांच्या सेवेचा गौरव झाला, तो योग्यच. परंतु ज्या शिक्षणानें ती सेवा शक्य झाली, त्याची नोंद त्यांच्या चरित्रांत अग्रभागीं असावयास पाहिजे.