नानांच्या सात गोळ्या

मंडळी, तान्हा पोळ्याला यंदा घर भरलं होतं. आमच्या सिंदीचा तान्हा पोळा काय असतो ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडी बैल सजवून निघतात, आणि इथले काही नंदी तर माणसाच्या उंचीच्या वर. असो. विषय बैलांचा नाही.

जेवणं झाल्यावर माझ्या थोरल्या भावाची, म्हणजे नानांची नात आपल्या नोकरीबद्दल सांगत होती. ती फार्मासिस्ट आहे आणि नागपुरात एका रुग्णालयाच्या वेदनाशमन विभागात काम करते. आमच्या एका मावशीने विचारलंच, "म्हणजे मेडिकल टाकलं का वं पोरी तू? कुठी?" सगळे हसले. पोरगीही हसली. मग म्हणाली, "दुकान नाही मावशी. ज्यांचं दुखणं थांबत नाही, त्यांच्या औषधाचा हिशेब ठेवते."

मी हसलो नाही. त्या 'हिशेब' शब्दाने मला चोवीस वर्षं मागं नेलं. ते आधी सांगत नाही. आयुष्यभर इतिहास शिकवला, तेव्हा सुरुवात इतिहासापासूनच करतो.

अफू आपल्याकडे जुनी. वावरात निंदायला जाणाऱ्या बाया लेकराला कणभर अफू चाटवून झोळीत निजवत, असं आमची आई सांगायची. काही लेकरं उठतच नसत, हेही तीच सांगायची. या अफूत नेमकं काय असतं, ते शोधलं एका जर्मन पोराने. फ्रीडरिश झेर्ट्युर्नर त्याचं नाव. तो डॉक्टर नव्हता की प्राध्यापक नव्हता. औषधाच्या दुकानात उमेदवारी करणारा, आपल्या भाषेत कंपाउंडर. १८०५ च्या सुमारास, वयाच्या विशीत, त्याने अफूतून तिचं सत्त्व वेगळं काढलं. ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून, मॉर्फियसवरून, त्याला नाव दिलं. पुढे स्वतःवर आणि तीन तरुणांवर प्रयोग केला, त्यात चौघंही मरता मरता वाचले! १८१७ मध्ये त्याचा निबंध छापून आला, तेव्हा कुठे जगाने दखल घेतली. १८२७ पासून दार्मश्टाट गावच्या मेर्क यांनी मॉर्फिन विकायला सुरुवात केली. तेही मूळचे औषधविक्रेतेच.

या शोधाचं मोल मापात आहे. अफूच्या गोळ्यात सत्त्व किती, हे कुणालाच ठाऊक नसे. कुणाचं दुखणं थांबे, कुणाचा श्वास थांबे. सत्त्व वेगळं निघालं आणि ते तोलून देता येऊ लागलं. विष आणि औषध यांत फरक तराजूचा, आणि तो तराजू फार्मासिस्टच्या हातात.

दुसरा इतिहास मी वर्गात शिकवायचो तो. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. सर जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती कापसाबरोबर या व्यापारातूनही उभी राहिली, आणि त्यांच्याच देणगीतून १८४५ चं जे. जे. रुग्णालय. १८३९ मध्ये लिन झेशू या चिनी अधिकाऱ्याने इंग्रजांची अफू नष्ट केली आणि युद्ध पेटलं. १८४२ च्या नानकिंगच्या तहात हाँगकाँग गेलं. हा धडा मी तावातावाने शिकवायचो. 'एक अख्खा देश अफूने पोखरला' हे माझं ठरलेलं वाक्य. वाक्य खोटं नव्हतं, पण तेवढंच शिकून मी स्वतः अर्धवट राहिलो.

तिसरा इतिहास कायद्याचा. १९८५ मध्ये संसदेने अमली पदार्थांविरुद्ध कडक कायदा केला. हेतू चांगलाच होता. पण त्यात बहुतेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षांची शिक्षा होती. माल थोडा की फार, हा भेद २००१ च्या दुरुस्तीत आला. शिवाय परवान्यांचे नियम राज्याराज्यांत वेगळे, आणि उत्पादन शुल्क खातं व औषध प्रशासन अशा दोन्हीकडे खेटे. नोंदीत चूक झाली तर तुरुंग! दुकानदारांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. डॉक्टरांची एक पिढी ते लिहून द्यायला शिकलीच नाही. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जाते, तिथून परदेशांनाही पुरवली जाते. आणि आपल्याच गावातला कर्करोगाचा रोगी कण्हत मरतो. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते असं.

गंमत म्हणजे १९८६ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने वेदनाशमनाची तीन पायऱ्यांची शिडी जगापुढे ठेवली. पहिल्या पायरीवर पॅरासिटामॉलसारखी साधी औषधं, दुसरीवर कोडीनसारखी सौम्य, तिसरीवर मॉर्फिन. औषध शक्यतो तोंडाने आणि घड्याळाच्या काट्यावर द्यायचं. त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना आश्रम सुरू झाला, १९९३ मध्ये कालिकतला डॉ. राजगोपाल आणि सहकाऱ्यांची संस्था, १९९७ मध्ये पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र. पण वर्धा जिल्ह्यातल्या आमच्यासारख्यांना याची वार्ताही नव्हती.

आता नानांचं सांगतो.

नाना सिंदीत एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. बाटलीवर कागदाची खाचा पाडलेली पट्टी चिकटवून मिक्श्चर द्यायचे. "एक खाच सकाळी, एक संध्याकाळी, विसरायचं नाही," हे प्रत्येकाला दोनदा सांगायचे. चाळीस वर्षं हेच केलं. खर्रा मात्र सुटला नाही. २००१ मध्ये तोंडाचा कर्करोग निघाला तेव्हा फार उशीर झाला होता.

शेवटच्या महिन्यात त्यांना बोलता येत नव्हतं. मी शाळेतून पाटी आणून दिली होती, तीवर लिहायचे. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं. वर्ध्यापासून नागपूरपर्यंत दुकानं पालथी घातली, कुठेच नव्हतं. शेवटी एका रुग्णालयातल्या तरुण फार्मासिस्टने कागदपत्रं तपासून, रजिस्टरात सही घेऊन दहा गोळ्यांची एक पट्टी दिली. म्हणाला, "गुरुजी, दर चार तासांनी द्या. दुखायची वाट पाहू नका. पोट साफ व्हायचं औषध सोबत द्या. संपायच्या आत मला भेटा."

पॅसेंजरने परत येताना बुटीबोरीपर्यंत ती पट्टी माझ्या मुठीत होती. बोरखेडी गेलं आणि डोक्यात चीन सुरू झालं. अफू! माझ्या भावाला मी अफू देणार? सवय लागली तर?

घरी आल्यावर मी पट्टी कपाटात ठेवली आणि किल्ली जानव्याला बांधली. रात्री कण्हणं ऐकवेनासं झालं की एक गोळी द्यायची, असं ठरवलं. नाना पाटीवर लिहायचे, 'चार तास'. मी म्हणायचो, "नाना, जरा दम धरा." एकदा त्यांनी तेच पुन्हा लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. मी ते पुसलं.

नवव्या दिवशी नाना गेले. पट्टीत सात गोळ्या उरल्या होत्या.

महिन्याभरात जाणाऱ्या माणसाला सवय लागेल म्हणून घाबरलो, असा मी इतिहासाचा मास्तर. हे मी वहिनीलाही कधी सांगितलं नाही. वहिनी गेल्या. आता नातीला सांगितलं, त्या पोळ्याच्या रात्री, सगळे झोपल्यावर.

ती रागावली नाही. तिने मला तिचं काम समजावलं, शांतपणे, जणू मी रोग्याचा नातेवाईक. आणि होतोच की. म्हणाली, "आबाजी, दुखण्यासाठी मापात दिलेलं औषध आणि नशा, या दोन गोष्टी वेगळ्या. पण भीती सगळ्यांनाच वाटते, ती काढणं हे माझं अर्धं काम." उरलेलं अर्धं असं. इंजेक्शनचा डोस तोंडाने द्यायचा तर साधारण तिप्पट लागतो, ते गणित मांडायचं. मूत्रपिंड कमजोर असेल तर मॉर्फिन अंगात साचतं, ते डॉक्टरांच्या नजरेला आणायचं. बद्धकोष्ठाचं औषध सुरू आहे ना ते पाहायचं. हळूहळू सुटणारी गोळी कुणी चुरून देत नाही ना, हे विचारायचं. फेंटानिलची पट्टी कातडीवर चिकटवली की साधारण बहात्तर तास चालते, तिच्यावर शेकाची पिशवी ठेवू नये. कपाटाला कुलूप, आणि रजिस्टरात एकेका गोळीची नोंद.

कायदाही बदलला आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये संसदेने दुरुस्ती केली, मॉर्फिनसह काही औषधं 'अत्यावश्यक' ठरली. २०१५ मध्ये अशी सहा औषधं जाहीर झाली. मान्यताप्राप्त रुग्णालयांना आता अनेक दारं ठोठवावी लागत नाहीत, राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता पुरते. तरी खेड्यापाड्यांत अजून सहज मिळत नाही, असं ती म्हणते. आणि सैल सोडून चालत नाही हेही तिनेच सांगितलं. अमेरिकेत १९९६ पासून ऑक्सिकोडोनच्या गोळ्या जोरात खपवल्या गेल्या आणि घरंच्या घरं व्यसनात गेली. तिथले आपले नातेवाईक हे वाचतील, त्यांना जास्त ठाऊक.

शेवटी मी विचारलं, "उरलेल्या गोळ्यांचं काय करता?"

"परत घेतो. मोजून. मग नोंद करून नष्ट करतो."

नानांच्या सात गोळ्या मी तेव्हा विहिरीमागे खड्डा करून पुरल्या. कुणी मोजल्या नाहीत, कुणी विचारलं नाही.

मंडळी, हे लिहायचं कारण एवढंच. तुमच्या घरात कुणावर अशी वेळ आली आणि डॉक्टरांनी हे औषध लिहून दिलं, तर कपाटाला कुलूप जरूर लावा, लेकराबाळांचं घर असतं. पण घड्याळ बघून कुलूप उघडा. शंका आली तर फार्मासिस्टला विचारा, तो नुसता दुकानदार नसतो. माझ्यासारखं मनातल्या मनात ठरवू नका.

ती पाटी अजून माळ्यावर आहे. कोरी आहे.