कागद पोहोचेपर्यंत

कोर्ट फी न भरता दिवाणी दावा लावायचा, तर आपल्याकडे आधी आपण 'नादार' आहोत हे सिद्ध करावं लागे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३३व्या आदेशात नादार कोण, हे मोजूनमापून लिहिलं होतं. फी भरण्याची ऐपत नाही तो नादार. फी ठरलेलीच नसेल, तर अंगावरचे गरजेचे कपडे आणि ज्यावर भांडण आहे ती वस्तू वगळून ज्याच्याकडे १०० रुपयांचीही मालमत्ता नाही, तो. मग चौकशी लागायची. प्रतिवादीला आणि सरकारी वकिलाला नोटीस जायची, आणि हा माणूस वाटतो तितका गरीब नाही असा पुरावा ते आणू शकत. मूळ भांडण बाजूला राहायचं, आधी गरिबीचाच खटला चालायचा. इंग्रजी मसुद्यातला 'पॉपर' हा शब्द १९७६च्या दुरुस्तीत गेला आणि १०० रुपयांचे १,००० झाले. जुन्या वकिलांच्या तोंडचा 'नादारीचा दावा' मात्र गेला नाही.

गरिबाला मोफत वकील मिळावा, या कल्पनेची आपल्याकडची वाटचाल अशी संशयातून सुरू झाली. मुंबईत १९२४ साली 'बॉम्बे लीगल एड सोसायटी' निघाली तेव्हा या कामाचं रूप दानधर्माचं होतं. काही सहृदय वकील आपला वेळ देत आणि समोरचा हात जोडून तो घेई. १९४९ साली मुंबई सरकारनं न्या. नटवरलाल भगवती यांच्या अध्यक्षतेखाली या विषयावर समिती नेमली. तालुक्यापासून राज्यापर्यंत समित्यांची उतरंड असावी, असं तिनं सुचवलं. म्हणजे आज जी रचना आपण पाहतो तिचा आराखडा तेव्हाच कागदावर होता. तो अहवाल कपाटात गेला. एकवीस वर्षांनी, १९७० साली, गुजरात सरकारनं तशीच समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते न्या. प्रफुल्लचंद्र भगवती, म्हणजे नटवरलालांचे चिरंजीव. एकाच प्रश्नावर बापलेकांना वेगवेगळ्या सरकारांनी बसवावं, यावरून सरकारी कपाटांची खोली कळते.

मधल्या समित्यांची नामावळी देत बसत नाही. १९७३ साली न्या. कृष्ण अय्यर यांच्या समितीचा अहवाल आला, १९७७ साली अय्यर आणि प्रफुल्लचंद्र भगवती या दोघांच्या संयुक्त समितीचा. आणीबाणीतल्या ४२व्या घटनादुरुस्तीबद्दल बरं बोलायला फारसं काही नाही, पण तिनंच घटनेत ३९-अ हे कलम घातलं. पैशाअभावी कोणी न्यायाला मुकू नये, हे पाहणं राज्याचं काम ठरलं. अर्थात हे कलम मार्गदर्शक तत्त्वांतलं. ते पुढे ठेवून कोणी कोर्टाकडे थेट हक्क मागू शकत नव्हतं. त्याला धार आली ती तीन-चार खटल्यांतून, आणि त्यांतले दोन आपल्या महाराष्ट्रातले आहेत.

पहिला १९७८चा, हॉसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य. यातला आरोपी गरीबगुरीब नव्हता. सौराष्ट्र विद्यापीठातला रीडर, पीएच.डी. झालेला. कर्नाटक विद्यापीठाच्या बनावट पदव्या करण्याची खटपट त्यानं चालवली होती, आणि त्यासाठी कुलगुरूंच्या स्वीय सहायकाच्या नावानं खोटं पत्र बनवून मुंबईतल्या एका ब्लॉकमेकरकडे विद्यापीठाचा शिक्का करायला टाकला होता. सत्र न्यायालयानं कोर्ट उठेपर्यंत कैद आणि दंड एवढ्यावर सोडलं. उच्च न्यायालयानं तीन वर्षं सक्तमजुरी दिली. सर्वोच्च न्यायालयात जायला त्याला चार वर्षांहून जास्त उशीर झाला होता. का, तर निकालाची नक्कलच मिळाली नाही म्हणे.

गंमत अशी, की उच्च न्यायालयानं नक्कल वेळेत पाठवली होती. येरवड्याला ती पोहोचलीही होती. तुरुंगाच्या अधीक्षकांचं म्हणणं, आमच्या कारकुनानं ती कैद्याला दिली, पण राज्यपालांकडे जाणाऱ्या दयेच्या अर्जाला जोडायची म्हणून परत घेतली. कैदी म्हणे, मला दिलीच नाही. आणि मिळाल्याची त्याची सही कुठेच नव्हती. एका कारकुनाचा हात आणि एका कोठडीचं दार यांच्यामध्ये हा कागद अडकला होता.

न्या. कृष्ण अय्यर यांनी त्या अडकलेल्या कागदावरून मोठा निकाल लिहिला. कैद झालेल्या माणसाला निकालाची प्रत मोफत आणि वेळेत मिळालीच पाहिजे, तुरुंगानं त्याची लेखी पोच घेतली पाहिजे, अपील करायला मदत केली पाहिजे. वकील करण्याची ऐपत नसेल तर कोर्टानं तो नेमावा आणि त्याचा खर्च राज्यानं करावा. हा उपकार नव्हे, राज्याचं कर्तव्य आहे. या सगळ्यानंतर हॉसकोटची याचिका फेटाळली गेली. त्याला स्वतःला या निकालाचा काडीचा उपयोग झाला नाही. मला हा निकाल आवडतो तो यासाठीही, की हक्क हे सज्जनांसाठीचं बक्षीस नाही हे त्यात न सांगता दिसतं.

दुसऱ्याच वर्षी बिहारच्या कच्च्या कैद्यांचं प्रकरण आलं. के. एफ. रुस्तमजी (सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख, जन्म नागपूरजवळच्या कामठीचा) यांनी वर्तमानपत्रात लेख लिहिले. ते वाचून ॲड. कपिला हिंगोरानी थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त जेवढी शिक्षा, त्याहून अधिक काळ माणसं खटल्याविना आत होती. त्यांना जामिनाचा हक्क आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं, कारण सांगायला वकील नव्हता. हुसैनारा खातून खटला तो हाच.

त्यानंतरचा आपल्याकडचा खटला शीला बर्से यांचा. या मुंबईच्या पत्रकार. १९८२च्या मे महिन्यात त्यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात १५ स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि न्यायालयानं पत्रालाच याचिका मानलं. निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक डॉ. ए. आर. देसाई यांना तुरुंगात जाऊन अहवाल द्यायला सांगितलं. त्यात एक गोष्ट निघाली ती वकिलांनी तरी विसरू नये: एक जर्मन आणि एक थाई अशा दोन बायकांना त्यांच्या वकिलानंच लुबाडलं होतं. फीपोटी ठेवतो म्हणून त्यानं त्यांच्या चीजवस्तूंतल्या आणि दागिन्यांतल्या जवळपास निम्म्या गिळल्या होत्या. वकील नसणं ही एक आपत्ती, आणि असला वकील असणं ही दुसरी.

१९८३च्या निकालात बायकांसाठी वेगळ्या कोठड्या, चौकशीच्या वेळी स्त्री-पोलीस, अटक झाली की जवळच्या विधी साहाय्य समितीला ताबडतोब कळवणं, असे बरेच आदेश आहेत. मला त्यातला एक फार मोलाचा वाटतो. अटक झालेल्या माणसाचे हक्क सांगणारं पत्रक सरकारनं मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत छापावं, ते प्रत्येक कोठडीत चिकटवावं, आणि माणसाला आणल्यावर त्याला समजेल त्या भाषेत ते वाचून दाखवावं. नुसतं चिकटवून भागणार नाही, वाचून दाखवा. आत येणाऱ्यांतल्या कितीजणांना वाचता येतं याचं भान त्या वाक्यात आहे. पुढे चिकटवणं झालं. वाचून दाखवण्याचं विचारू नका.

१९८६ साली अरुणाचलच्या सुक दास खटल्यात न्यायालय आणखी एक पाऊल पुढे गेलं. आरोपीनं वकील मागितला नाही म्हणून दिला नाही, ही सबब चालणार नाही. मागायचा असतो हे ठाऊक नसणाऱ्यालाच तर तो द्यायचा. त्याची शिक्षा रद्द झाली.

१९८७ साली विधी सेवा प्राधिकरण कायदा संसदेनं केला आणि तो अमलात यायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला. आठ वर्षं. ९ नोव्हेंबर हा आता विधी सेवा दिन म्हणून साजरा होतो, तेव्हा ती आठ वर्षं कोणी काढत नाही. पण या कायद्यानं रचना उभी केली हे खरं: राष्ट्रीय, राज्य, जिल्हा प्राधिकरणं आणि तालुका समित्या. १९४९च्या अहवालातली ती उतरंड अखेर जागेवर बसली.

आता ही रचना जमिनीवर कशी दिसते? तालुक्याच्या कोर्टात साडेदहाच्या सुमाराला जा. आवारात टायपिंगवाले, स्टॅम्पवाले, काळ्या कोटांची लगबग. आत कुठेतरी जिन्याखाली किंवा बारच्या खोलीशेजारी एक टेबल, मागे 'मोफत विधी सेवा व सल्ला' असा फलक. फलकावर कलम १२ची यादी: अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, मुलं, अपंग, कामगार, कोठडीतली व्यक्ती, आपत्तीग्रस्त, वेठबिगारीचे आणि मानवी व्यापाराचे बळी, आणि उत्पन्न मर्यादेच्या आतले. महाराष्ट्रात ती मर्यादा वर्षाला ३ लाख रुपये आहे. बायका मात्र सरसकट पात्र आहेत, त्यांना उत्पन्नाची अटच नाही. हे एवढं साधं वाक्य, पण पोटगीसाठी आलेली बाई आधी नवऱ्याचा पगार सांगते, मग भावाची परिस्थिती, मग स्वतःच्या मजुरीचा हिशेब, आणि समोरचा म्हणतो, "ताई, ते काही लागत नाही, अर्ज करा," तेव्हा तिला खरं वाटत नाही. ती विचारते, "पण फी किती?" नाही म्हटलं की पुन्हा थोड्या वेळानं हळूच विचारते. नादारी सिद्ध करण्याची सवय कायद्यानं सोडली तरी अंगातून जायला वेळ लागतो.

तिचा संशय अगदीच निराधार असतो असंही नाही. पॅनलवरच्या वकिलाला प्राधिकरणाकडून मिळणारं मानधन थोडं, आणि तेही उशिरा. चांगले वकील अशा कामाला वेळ देतात, तसे काही नुसतं वकीलपत्र दाखल करून पुढच्या तारखेला फिरकत नाहीत. एखादा 'खर्चापाण्याचं बघा' असंही सुचवतो. 'फुकटचा वकील म्हणजे कच्चा वकील' ही म्हण पक्षकारांनी स्वतःच्या अनुभवातूनच केली आहे. २०२२ साली आलेली 'लीगल एड डिफेन्स काउन्सेल' पद्धत या दुखण्यावरचा इलाज म्हणून आली. महाराष्ट्रात त्याला 'लोकअभिरक्षक' कार्यालय म्हणतात. सरकारी वकील जसा पगारी आणि पूर्णवेळ, तसेच आरोपीच्या बाजूचेही वकील पूर्णवेळ, खासगी वकिली बंद. शब्द जरा जड आहे, कल्पना योग्य आहे.

याच रचनेतल्या लोकअदालतीबद्दल माझं मत सरकारी पत्रकांइतकं गोड नाही. १४ मार्च १९८२ रोजी त्या वेळच्या जुनागढ जिल्ह्यातल्या उना इथे ती पहिल्यांदा भरली, तेव्हा गावातल्या माणसाचं भांडण गावाजवळ, समोरासमोर मिटावं ही इच्छा होती. मोटार अपघाताच्या भरपाईत तिचं मोल मोठं आहे. विधवेला दहा वर्षांनी मिळणाऱ्या जास्त रकमेपेक्षा आज मिळणारी रक्कम उपयोगी पडते, निवाड्याला हुकूमनाम्याचं बळ असतं, वर अपील नाही आणि कोर्ट फीही परत मिळते. पण आज एका दिवसात निकाली निघालेल्या प्रकरणांचे जे आकडे वर्तमानपत्रांत येतात, त्यांत वाहतुकीची चलनं आणि थकीत बिलं किती, हे विचारायला हवं. लोकअदालत तडजोड नोंदवते, न्यायनिवाडा करत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली स्पष्ट सांगितलं आहे. अर्धं घेऊन सही करणाऱ्याला ते सांगणारं कोणी शेजारी असतं का?

असं सांगणारे म्हणून २००९ साली विधी स्वयंसेवकांची योजना आली. अंगणवाडीच्या ताई, निवृत्त शिक्षक, कॉलेजातली मुलं. त्यांना पदवी लागत नाही. तुरुंगात तर लांब शिक्षा भोगणारे शिकलेले कैदीच हे काम करू शकतात, आणि अर्ज लिहायला त्यांच्याइतका सराईत माणूस बाहेरही सापडणार नाही.

कागदाचं दुखणं मात्र अजून बरं झालेलं नाही. हॉसकोटची नक्कल येरवड्यात अडकली होती; त्या खटल्याच्या निकालानंतर ४३ वर्षांनी आग्र्याच्या तुरुंगातले कैदी सर्वोच्च न्यायालयाचा जामिनाचा आदेश टपालानं येईपर्यंत आतच राहिले. मग न्यायालयानं आदेश इलेक्ट्रॉनिक मार्गानं पाठवायची व्यवस्था केली. जानेवारी २०२३ मध्ये आणखी सांगितलं, की जामिनाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंगाला ईमेल करा, आणि आठवड्यात माणूस सुटला नाही तर जिल्हा प्राधिकरणाला कळवा. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर कोर्टानं स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करावा.

कारण कागद पोहोचला तरी जामीनदार पोहोचत नाही. तो स्थानिक हवा, त्याचा सातबारा हवा, नाहीतर ऐपतीचा दाखला हवा. दाव्यासाठी नादारी सिद्ध करायची आणि जामिनासाठी ऐपत. १९७८ सालीच मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याला १०,००० रुपयांचा जामीन सांगितला होता. त्याचा भाऊ उभा राहिला, पण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून नाकारला. सर्वोच्च न्यायालयानं १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. तो निकाल आजही पाठ्यपुस्तकात आहे आणि 'स्थानिक जामीनदार आणा' हे वाक्य आजही कोर्टात आहे.

तुरुंगभेटीच्या दिवशी स्वयंसेवकाच्या वहीत चार रकाने असतात: नाव, जामीन मंजूर झाल्याची तारीख, रक्कम, जामीनदार. चौथा बहुतेकदा कोरा. समोरच्या पोराला घरचा नंबर आठवत नाही, कारण तो मोबाईलमध्ये होता आणि मोबाईल पोलिसांकडे जमा आहे. बराच वेळ डोकं खाजवून त्याला गावातल्या किराणा दुकानाचा नंबर आठवतो. संध्याकाळी बाहेर आल्यावर स्वयंसेवक तो लावतो. दुकानदार हाक मारून बापाला बोलावतो, आणि बाप फोनवर आला की स्वयंसेवक नाव सांगायच्याही आधी सांगतो, काका, पैसे मागायला फोन केलेला नाही.