पाहणारे यंत्र आणि मधुमेहींचे डोळे

मधुमेहामुळे येणाऱ्या अंधत्वाचा इतिहास चाळू लागले, म्हणजे एक गोष्ट प्रकर्षाने ध्यानात येते. या विकारात आरंभी डोळा दुखत नाही, लाल होत नाही. रोग्याला चांगले दिसत असते. आत मात्र दृष्टिपटलावरील केशवाहिन्यांना बारीक फुगवटे येऊन रक्त झिरपू लागलेले असते. दिसेनासे होते तेव्हा गेलेली दृष्टी बहुधा परत आणता येत नाही. सारांश, ज्याचा डोळा त्यालाच त्याची वार्ता नसते. ती दुसऱ्या कोणीतरी आत पाहून सांगावी लागते.

हे पाहणे शक्य केले ते हेल्महोल्ट्झ या जर्मन पंडिताने. त्याने आपला नेत्रदर्शक १८५१ साली प्रसिद्ध केला आणि अवघ्या चार वर्षांत, १८५५ मध्ये, एडुआर्ड येगर याने मधुमेहीच्या दृष्टिपटलावरील विकृतीचे वर्णन केले. तथापि १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन शोधीपर्यंत पुष्कळ मधुमेही, विशेषतः लहान वयाचे, फार काळ जगतच नसत. आयुष्य वाढले आणि त्याबरोबर वर्षानुवर्षे मुरणारा हा नेत्ररोगही वाढला. पुढे १९७६ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीने दाखवून दिले, की प्रखर किरणांनी पडद्याला वेळेवर डाग दिल्यास दृष्टी जाण्याचा धोका सुमारे निम्म्यावर येतो.

म्हणजे साधन होते, उपचार होता. उणीव होती ती पाहणाऱ्यांची. रोगी खेडोपाडी आणि नेत्रतज्ज्ञ बहुतेक शहरात, ही आपल्याकडची स्थिती आपण जाणताच.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. गूगलच्या संशोधकांनी दृष्टिपटलाची १,२८,१७५ छायाचित्रे यंत्रापुढे ठेविली. प्रत्येकाची प्रतवारी तीन ते सात परीक्षकांनी केली होती. कारण तज्ज्ञांचेही एकमत होतेच असे नाही. यंत्राला रोगाची लक्षणे कोणी सांगितली नाहीत. उदाहरणांवरूनच त्याने ओळख करून घेतली. २०१८ मध्ये अमेरिकन शासनाने डॉक्टरवाचून निर्णय देणाऱ्या अशा एका यंत्रास प्रथमच अनुमती दिली. त्याच्या कसोटीत शंभरातील सुमारे ८७ रोगी सापडले, उरलेले सुटले. २०१९ मध्ये मदुराईचे अरविंद आणि चेन्नईचे शंकर नेत्रालय येथील कसोटीतही गूगलचे यंत्र माणसांच्या तोडीचे ठरले.

परंतु थायलंडमधील आरोग्यकेंद्रांत, २०२० च्या वृत्तांताप्रमाणे, अपुऱ्या प्रकाशामुळे सुमारे एक पंचमांश छायाचित्रे यंत्राने नाकारली. अशा रोग्यांना, विकार असो वा नसो, तज्ज्ञाकडे धाडावे लागे. दूरची वाट, बुडणारी मजुरी!

इतिहासाचा बोध इतकाच, की येगरने विकार पाहिला, पण त्याच्या हाती उपचार नव्हता. आज उपचार आहे. तेव्हा यंत्राने ओळखलेल्या रोग्याला तो वेळेत पोहोचविणे हे काम यंत्राचे नव्हे, आपले आहे.