१२० पत्ते आणि एक जाळी

आजच्या भागात पत्त्यांबद्दल बोलायचंय. बदाम, चौकट, इस्पिक, किलवर नव्हे. आमच्या सिंधुदुर्गातल्या सावंतवाडीची गंजिफा. आणि तिच्या जोडीला स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे ज्याने कालपरवापर्यंत गावोगावच्या लग्नपत्रिका छापल्या जायच्या ते. दोघांचा संबंध काय? तर बाहेरून आलेल्या ज्या स्वस्त पत्त्यांनी गंजिफेला बाजारातून उठवलं, ते पत्ते शेकडो वर्षं ज्या युक्तीने रंगवले गेले, तिचीच नात म्हणजे स्क्रीन प्रिंटिंग. मी गेले काही महिने घरी त्याच स्क्रीनवर गंजिफा छापायचा खटाटोप करतोय. दिवसा कोड लिहितो, रात्री शाई पुसतो. त्यातून हा भाग निघालाय.

आधी खेळ समजून घेऊ. गंजिफा इराणकडून मोगलांबरोबर आली. बाबराच्या आत्मचरित्रात १५२७ सालची नोंद आहे : सिंधच्या शाह हसनला हा खेळ आवडायचा, म्हणून बाबराने त्याला गंजिफा पाठवली. पुढे अबुल फजलने ऐन-इ-अकबरीत १४४ पानांच्या जुन्या खेळाचं आणि अकबराने त्यात केलेल्या बदलांचं वर्णन केलं. नंतर जास्त चालला तो ९६ पानांचा मोगल डाव, आठ गुणिले बारा. आणि आपल्या लोकांनी त्यात विष्णूचे दहा अवतार बसवले : दहा गुणिले बारा, १२० पानं. ही दशावतारी गंजिफा. पत्त्यांत आपण ज्याला 'रंग' म्हणतो त्याला मी इथे 'अवतार'च म्हणेन, नाहीतर पुढे शाईच्या रंगाशी घोळ होईल.

प्रत्येक अवतारात एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा आकडी पानं. मत्स्याच्या पंजीवर पाच मासे, कूर्माच्या सत्तीवर सात कासवं, परशुरामाच्या दश्शीवर दहा परशू. पानं गोल. तिघांनी खेळायचं. दिवसा डाव असेल तर सुरुवात रामाच्या राजाची, रात्री असेल तर कृष्णाच्या राजाची. आणि एक गंमत, खास आपल्या कोडवाल्यांसाठी : पाच अवतारांत दहापासून खाली उतरता क्रम, उरलेल्या पाचांत बरोबर उलटा, एक्का वरचढ. म्हणजे तुलना करणारं फंक्शन दोन तऱ्हेचं लिहायचं, आणि कुठलं कधी वापरायचं हे डोक्यात ठेवायचं. ज्या मुलुखात रात्रभर दशावतारी नाटकं बघत लोक वाढतात, तिथे दहा अवतार पाठ नसायचा प्रश्नच नाही. नाटकाच्या सुरुवातीला वेद चोरणारा संकासुर येतो ना, तोच मत्स्यावताराचा धागा.

आता पान कसं बनतं बघा. कापड किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे. वर खडूची लुकण, मग दगडाने घोटून गुळगुळीत करायचं, गोल कापायचं, रंगवायचं, लाख चढवायची. सावंतवाडीत हे काम चितारी करायचे; लाकडी खेळण्यांची चितार आळी अजून त्यांच्या नावाने ओळखली जाते. किनारीच्या नक्षीकामाची पानं ती दरबारी, नक्षी नसलेली ती बाजारी. पाठ मात्र सपाट, एकाच रंगाची. यात हुशारी आहे. हाताने काढलेली नक्षी कधीच दोनदा तंतोतंत तशीच येत नाही. पाठीवर नक्षी काढली असती तर चार डावांत प्रत्येक पान पाठीवरून ओळखू आलं असतं.

मी हिशोब केला. एका अवतारात एक ते दहा मिळून ५५ चिन्हं. दहा अवतारांची ५५०. वर २० चित्रपानं, राजा आणि प्रधान. म्हणजे एका संचासाठी ५५० वेळा मासा, कासव, परशू कुंचल्याने काढायचे. एका संचासाठी!

हाच प्रश्न युरोपातल्या पत्तेवाल्यांपुढेही होता. त्यांनी पंधराव्या शतकातच लाकडी ठशाने रेषा छापायला घेतली, आणि रंगासाठी कातरलेला कागद. चित्रात जिथे लाल हवा तिथे भोक पाडलेला जाड कागद ठेवायचा, वरून ब्रश फिरवायचा. झाला लाल. मग निळ्याचा कागद. याला स्टेन्सिल म्हणतात, आणि पत्ते स्वस्त झाले ते या भोकांमुळे. १८३०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या थॉमस डी ला रूने रंगही यंत्रावर छापायचं पेटंट घेतलं, आणि बेल्जियमचं टर्नहाउट हे गाव तर पत्त्यांच्या कारखान्यांचंच झालं. तिथली गठ्ठ्याने छापलेली पानं आपल्या बंदरांत उतरायला लागली. ५५० वेळा कुंचला उचलणारा चितारी त्यांच्यापुढे किती टिकणार? मागणी गेली, मग माणसं दुसऱ्या कामाला गेली.

जपानची गोष्ट वेगळी. तिथे हानाफुदा नावाचे फुलापानांचे छोटे पत्ते असतात. रेषा ठशाने, रंग स्टेन्सिलने. १८८९ साली क्योतोमध्ये फुसाजिरो यामाउची नावाच्या माणसाने असे पत्ते बनवायचा धंदा काढला. त्याचं नाव निन्टेन्डो. हो, तेच, मारिओवाले.

स्टेन्सिलची एक जुनी अडचण आहे, ती समजली की स्क्रीन प्रिंटिंग समजतं. 'ठ' हे अक्षर घ्या. गोलाची रेघ कापली की आतला तुकडा खाली पडतो, कारण त्याला धरायला काही उरत नाही. 'ठ'चा नुसता भोपळा होतो. युरोपात यावर उपाय म्हणून मधे कागदाचे पूल ठेवायचे. ट्रकच्या मागे रंगवलेल्या आकड्यांत ते अजून दिसतात. जपानमध्ये कापडावर नक्षी उठवणाऱ्या कारागिरांनी कागदाच्या दोन थरांमध्ये रेशमी धागे घालून सुटे तुकडे जागेवर धरले. रंग धाग्यांच्या आजूबाजूने उतरतो, धागा दिसतही नाही. पुढची पायरी म्हणजे अख्खी रेशमी जाळीच फ्रेमवर ताणायची. १९०७ साली मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमनने तसं पेटंट घेतलं. १९६२ मध्ये अँडी वॉरहॉलने त्याच जाळीतून मेरिलिन मन्रोच्या रांगा छापल्या आणि साइनबोर्डवाल्यांचं हे तंत्र कलादालनात जाऊन बसलं. आमच्याकडे ते बसलं लग्नपत्रिकेच्या दुकानात, आणि मला विचाराल तर ती जागा काही कमी मानाची नाही.

इकडे सावंतवाडीत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला परिस्थिती अशी होती, की गंजिफा बनवता येणारे पुंडलिक चितारी नावाचे एक वृद्ध कारागीर तेवढे उरले होते. संस्थानचे राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ही कला समजून घेतली. राणीसाहेब स्वतः कुंचला घेऊन शिकल्या. मग तरुण मुलांना शिकवलं, सावंतवाडी लॅकरवेअर्स उभी केली आणि राजवाड्याच्या दरबारात कारागीर बसायला लागले. मुंबईत रुडॉल्फ फॉन लायडन नावाचे मूळ जर्मन कलासमीक्षक देशभरातल्या गंजिफा जमवत होते. १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये गंजिफांचं प्रदर्शन भरलं, त्याचा ग्रंथ त्यांचाच. त्या दोघांनी हात घातला नसता तर आज मी काय छापायला घेणार होतो?

पण एक गोष्ट मला खटकते. वाचलं ते चित्र. खेळ नाही वाचला. आज गंजिफा लोक बघतात, भेट देतात, फ्रेम करून भिंतीला लावतात. घामट हाताने, भजी खात, ओरडाआरडा करत कोण खेळतं? हाताने रंगवलेला संच इतक्या मेहनतीचा आणि त्यामुळे इतका महाग, की तो पिसायचीच भीती वाटते. पत्ते पिसले नाहीत तर ते पत्ते कसले?

म्हणून जाळी. अंधाऱ्या खोलीत जाळीवर प्रकाशाने कडक होणारा लेप द्यायचा, त्यावर काळ्या चित्राची पारदर्शक फिल्म ठेवून उजेड दाखवायचा. काळ्याखालचा लेप मऊ राहतो, पाण्याने धुतला की निघून जातो. तिथून शाई उतरते. मी एका अवताराची बाराही पानं एकाच मोठ्या पुठ्ठ्यावर मांडली. चार रंग धरले तर एका अवताराला चार स्क्रीन, दहा अवतारांना चाळीस. ऐकून लग्नपत्रिका छापणारे आमच्या ओळखीचे काका म्हणाले, "मेल्या, इतक्या स्क्रीनात तुझ्या अख्ख्या वाडीची लग्ना लावून दिली असतंय." पण एकदा चाळीस झाल्या, की पहिल्या संचाची आणि शंभराव्या संचाची मेहनत सारखीच : रबरी पट्टी ओढायची.

कोकणातल्या पावसाळ्यात लेप वाळता वाळत नाही. पंखा लावून रात्रभर ठेवावा लागतो. खडूच्या लुकणीवर शाई पसरते, म्हणून आधी पातळ लाखेचा हात द्यावा लागला. मत्स्य, कूर्म, वराह असे तीन अवतार झालेत. आकडी पानं छान उठतात, ठसठशीत. राजा-प्रधान मात्र मेल्यासारखे दिसतात. कुंचल्याची रेघ एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला केसासारखी. जाळीतून ती सगळीकडे सारखीच येते. डोळ्यांतच फरक कळतो.

आणि धोका उघड आहे. छापील संच 'सावंतवाडी गंजिफा' म्हणून स्वस्तात विकायला लागलो, तर टर्नहाउटच्या गठ्ठ्यांनी जे केलं तेच मी दरबारात बसलेल्या कारागिरांशी करेन. म्हणून माझा बेत असा : ५५० चिन्हांची शंभर आकडी पानं छापायची, २० चित्रपानं त्याच कारागिरांकडून पैसे मोजून रंगवून घ्यायची, आणि डब्यावर कुठली छापील, कुठली हाताची, हे ठळक लिहायचं. संच महाग होईल, पण हाताच्या पूर्ण संचाइतका नाही.

अडलंय ते पाठीवर. रंगवलेल्या पानावर लाखेचे हात जास्त, त्यामुळे ते छापील पानापेक्षा किंचित जाड आणि वेगळ्या चकाकीचं होतं. पिसताना बोटाला कळतं, आणि समोरच्याच्या हातात राजा आहे हे डाव सुरू व्हायच्या आधीच दिसतं. सध्या छापील पानांवर लाखेचे दोन हात वाढवून जाडी मोजतोय.