उन्हाळ्याची सुट्टी आणि घराची भाषा



उन्हाळ्याची सुट्टी लागली की अलीकडे घरोघर एकच तक्रार ऐकू येते. मुले सकाळपासून मोबाइल घेऊन बसतात, जेवतानाही मान वर करीत नाहीत, हाक मारली तर ओ देत नाहीत. आई रागावून ते यंत्र काढून घेते. घटकाभराने मूल विचारते, "मग आता मी काय करू?" ह्या प्रश्नाला घरात कोणापाशी उत्तर नसते, आणि यंत्र पुन्हा त्याच्या हाती जाते.

हा प्रश्न पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मुलाला इतका पडत नसे. तेव्हाची मुले अधिक गुणी होती, असा ह्याचा अर्थ नव्हे. शिक्षक या नात्याने मी एवढे निश्चित सांगू शकतो की मुलांचा स्वभाव फारसा पालटत नाही. पालटते ते त्यांच्या भोवतीचे घर. तेव्हा पडदा घरात येण्यापूर्वी मराठी घराचा उन्हाळा कसा जात असे, तो पडदा कोणत्या पायऱ्यांनी आत आला, आणि त्यात नेमके काय हरवले, ह्याचा विचार आज करावयाचा आहे.

ठरलेल्या तारखांची दीर्घ सुट्टी ही इंग्रजी अमदानीतील शाळाखात्याबरोबर आपल्याकडे रुजली. आजही प्रांताप्रांतांत तिच्या तारखा वेगळ्या आहेत. बेळगावकडे ती एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते, हैदराबादेस एप्रिलच्या अखेरीस, तर इंदूर आणि वडोदरा येथे मे महिन्यात. गोव्यात २०२५ साली वरच्या इयत्तांचे वर्ष एप्रिलमध्येच सुरू करण्यात आले. परंतु एक गोष्ट सर्वत्र सारखी होती. सुट्टी शाळेला असे, घराला नसे. किंबहुना चैत्र-वैशाख हाच घराच्या कामाचा सर्वांत दाटीचा काळ असे, कारण मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी चार महिन्यांची बेगमी करावी लागे. कोकणात व गोव्यात घरे शाकारावयाची, कौले परतावयाची, सरपण रचावयाचे. देशावर नांगरट आटोपावयाची. आणि प्रत्येक घरच्या स्वयंपाकघरात वाळवणे घालावयाची.

ह्या वाळवणांचा पसारा आजच्या मुलांना सांगूनही खरा वाटणार नाही. कुरडया करावयाच्या तर गहू तीन दिवस भिजत घालावे लागत, रोज त्यांचे पाणी बदलावे लागे. मग ते वाटून, गाळून, खाली बसलेला पांढरा चीक पहाटे शिजवावयाचा. तो गुठळी न होऊ देता ढवळणे हे मनगटाचे काम. ऊन चढण्याच्या आत सोऱ्याने कुरडया पाडून झाल्या पाहिजेत, म्हणून सारे घर अंधारातच उठे. उडदाच्या पापडांचे पीठ तेलाचा हात लावून कुटावयाचे, त्याच्या लांब वळ्या करून दोऱ्याने लाट्या पाडावयाच्या, आणि आळीतल्या बायकांनी पोळपाट-लाटणी घेऊन एकीच्या घरी आज, दुसरीच्या घरी उद्या, असे जमावयाचे. मुलांची नेमणूक ठरलेली असे. कोणी लाटलेले पापड अंगणात नेऊन घालावयाचे, कोणी काठी घेऊन कावळे हाकावयाचे, संध्याकाळी मोजून डब्यात भरावयाचे. मजुरी म्हणून वाटीभर गरम चीक किंवा तेलात बुडविलेली एखादी लाटी मिळे.

गोव्यात ह्याच बेगमीला पुरुमेंत म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला आहे. मडगाव व म्हापसे येथील चर्चच्या फेस्तांना जोडून उन्हाळ्यात भरणाऱ्या बाजारांत सुकी मासळी, मिरच्या, कांदे, चिंच, आमसुले ह्यांची खरेदी होई, आणि ती करण्यास हिंदू व ख्रिस्ती दोन्ही घरांतील माणसे जात. वसईकडील ख्रिस्ती घरांत ह्याच दिवसांत वर्षाचा मसाला कुटून बाटल्यांत ठासून भरीत. धर्म वेगळे, चुली वेगळ्या. पण पावसाळ्याचे भय एकच होते, आणि त्या भयाने लहानथोरांना एका अंगणात आणले होते.

ह्या कामांचे खरे महत्त्व पापडांत नव्हते. घराला मुलाची गरज आहे, ही गोष्ट मुलाला दिवसातून दहा वेळा कळत असे. त्याने राखण केली नाही तर कावळा खरोखरच पापड नेई. आणि दुसरी गोष्ट, जी आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळींना अधिक जिव्हाळ्याची आहे, ती अशी की हे सारे काम मराठीत चाले.

शिंदे, होळकर, गायकवाड ह्यांच्या राजवटींबरोबर अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत जी कुटुंबे ग्वाल्हेर, इंदूर, वडोदरा येथे स्थायिक झाली, त्यांच्या मुलांच्या कानी अंगणाबाहेर हिंदी किंवा गुजराती पडे. हैदराबादेस तेलुगू व उर्दू, बेळगावात कानडी, गोव्यात कोंकणी आणि पूर्वी पोर्तुगीज. शाळेतही पुष्कळांच्या वाट्याला मराठी आली नाही. तरीही पिढ्यान् पिढ्या त्यांची मराठी टिकली. ती टिकविण्यात संस्थांचा वाटा मोठाच होता. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन ह्या ग्रंथपालास अमेरिकेहून वडोदऱ्यास आणले आणि तेथील मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळा विभाग काढला, पेट्यांतून गावोगाव पुस्तके पाठविली. सुट्टीत अशा वाचनालयांच्या पायऱ्या झिजविणारी मुले थोडी नव्हती. पण पुस्तकातील भाषा वाचण्यापूर्वी ती तोंडात असावी लागते. चीक, लाटी, सोऱ्या, बेगमी, शाकारणे, परतणे हे शब्द कोणत्याही क्रमिक पुस्तकाने शिकविले नाहीत. ते आजीने काम सांगता सांगता शिकविले. उन्हाळ्यातील घर ही दुसरी शाळा होती, आणि तिचे माध्यम मराठी होते.

दुपारी ऊन तापले की ह्या शाळेची मधली सुट्टी होई. दारे-खिडक्या ओढून घेतलेल्या अंधाऱ्या खोलीत पत्ते, सोंगट्या, सागरगोटे, चिंचोके बाहेर निघत. सापशिडीचा पटही त्यातलाच. तिचे जुने रूप मोक्षपट. परंपरेने त्याचे नाते ज्ञानदेवांशी जोडले आहे. त्या पटावरील घरांना सद्गुणांची व दुर्गुणांची नावे असत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात जाऊन तेथील मुलांचा झाला. ह्या सर्व खेळांत एक अट समान होती, ती म्हणजे समोर दुसरे माणूस हवे. भांडण झाले तरी ते मिटवावे लागे, कारण तसे न केल्यास डाव मोडे.

सायंकाळी दिवा लागला की हिंदू घरांत शुभंकरोती आणि पाढे होत, ख्रिस्ती घरांत सारे कुटुंब गुडघे टेकून रोझरी म्हणे, आणि जेवणानंतर अंगणात बाजेवर गोष्टी चालत. साने गुरुजींनी 'श्यामची आई' हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्याची मांडणी रात्रीमागून रात्री सांगितलेल्या आठवणींची आहे. हा घाट त्यांना मुद्दाम शोधावा लागला नसावा. तो घरोघरच्या अंगणात तयारच होता.

ह्या घरात पहिले यंत्र आले ते रेडिओचे. हैदराबाद आणि वडोदरा येथे संस्थानी काळातच नभोवाणी केंद्रे होती. धारवाडचे केंद्र १९५० साली आणि इंदूरचे १९५५ साली सुरू झाले. १९५५ च्या रामनवमीला, १ एप्रिल रोजी, पुणे केंद्राने गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित केले. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडक्यांची चाल लाभलेली ती ५६ गीते वर्षभर आठवड्यामागून आठवडा येत राहिली आणि घरेच्या घरे त्या वेळी रेडिओभोवती जमली. परंतु रेडिओने कान घेतले तरी डोळे आणि हात मोकळे ठेवले. गाणे ऐकता ऐकता तांदूळ निवडता येत, आणि गाणे संपल्यावर त्याविषयी बोलता येई.

दूरदर्शन मुंबईस १९७२ साली आले. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत जो प्रयोग झाला, त्यात कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि मध्य प्रदेश ही आपल्या शेजारची राज्ये होती. तेव्हा सबंध गावाला एकच संच असे. पुढे १९८२ मध्ये रंगीत चित्रे आली, आणि १९८७ च्या जानेवारीत रामायण मालिका सुरू झाली तेव्हा ज्याच्या घरी संच त्याच्या ओटीवर रविवारी सकाळी आळी लोटत असे. पडदा आला होता, पण तो सर्वांचा होता. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, तरी बहुतेक घरांत संच एकच राहिला. काय पाहावयाचे ह्यावर भांडण होई, आणि ते भांडणही घरच्या भाषेत होई.

खरा पालट झाला तो पडदा एकेकाच्या मुठीत आल्यावर. भारतातील पहिले मोबाइल संभाषण १९९५ सालचे. परंतु २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि चित्रांचा अखंड ओघ खिशात आला. त्यानंतर २०२० चा उन्हाळा उजाडला. मार्चअखेर टाळेबंदी झाली आणि पुढे शाळाच मोबाइलमधून भरू लागली. काल ज्या यंत्राला हात लावू नको म्हटले, तेच आज आम्ही शिक्षकांनी मुलांच्या हाती दिले. त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता. पण शाळा उघडल्यावरही ते यंत्र मुलांच्या हातून सुटले नाही.

ह्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. गावाचा एक पडदा, मग घराचा एक पडदा, मग माणसागणिक एक पडदा, अशा ह्या पायऱ्या आहेत. पहिल्या दोन पायऱ्यांवर घरातील बोलणे कमी झाले असेल, पण बंद झाले नव्हते. तिसऱ्या पायरीवर ते बंद पडू लागले. आणि त्या मुठीतल्या पडद्यावर मुलाला जे ऐकू येते त्यात मराठी फार थोडी. पुण्यातील मुलाने घरात मराठी ऐकली नाही तरी ती त्याला रस्त्यात भेटते. ग्वाल्हेरच्या किंवा हैदराबादच्या मुलाला ती घराबाहेर क्वचितच भेटते. दोनशे वर्षे जी भाषा परमुलखात टिकली ती एका पिढीत मुकी होऊ शकते.

तथापि, जुना उन्हाळा जसाच्या तसा परत आणावा असे मी म्हणणार नाही. तो स्त्रियांच्या कष्टांवर उभा होता. पहाटे चीक ढवळणारी आई रात्री सर्वांत शेवटी निजे. सुट्टीतही मुलींच्या वाट्याला काम अधिक आणि खेळ कमी येई, आणि त्याच वेळी घरातले पुरुष दुपारची वामकुक्षी घेत. सुनेला विसावा मिळे तो माहेरी जाईल तेव्हाच. आज पापड दुकानात मिळतात, ह्यात तिची सुटका आहे, आणि ती चांगलीच गोष्ट झाली. परत आणावयाचे आहे ते एवढेच की मुलाला घरात खरे काम असावे, आणि ते मुलगा व मुलगी दोघांना सारखे असावे.

हे अशक्य नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव ह्या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास एक नियम केला. गावातील स्त्रियांची बैठक भरली, भोंगा आणला गेला, आणि सायंकाळी सात वाजता तो वाजला की दीड तास घरोघरचे दूरदर्शन व मोबाइल बंद ठेवावयाचे असे ठरले. ह्यात महत्त्वाची गोष्ट अशी की बंदी केवळ मुलांवर नव्हती. वडीलधाऱ्यांचे यंत्रही बंद होई. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यापुढील वेळ दिवसाला एका तासापेक्षा अधिक नसावा असे सांगितले आहे. परंतु बाप स्वतः मोबाइलमध्ये डोके घालून मुलाला तो तास मोजून देऊ लागला, तर मूल त्याचे ऐकणार नाही.

तेव्हा ह्या सुट्टीत फार मोठे संकल्प न करता एवढे करून पाहावे. घरातील एक काम संपूर्णपणे मुलांच्या स्वाधीन करावे, मग ते कैरीचे लोणचे घालण्याचे असो, झाडांना पाणी देण्याचे असो किंवा आजोबांची औषधे वेळेवर देण्याचे असो. ते बिघडले तर बिघडू द्यावे. सायंकाळचा एक तास सर्वांची यंत्रे एका फडताळात ठेवावीत, आणि त्या तासात आजी-आजोबांना त्यांच्या लहानपणीच्या उन्हाळ्याविषयी विचारावे. पहिले दोन-चार दिवस मुले कंटाळतील. त्यांना कंटाळू द्यावे. जुन्या उन्हाळ्यातही मुले कंटाळत, आणि कंटाळूनच सागरगोटे शोधायला उठत. "मी काय करू?" असे मूल पुन्हा विचारील, तेव्हा मात्र त्याला देण्यासाठी आपल्यापाशी काहीतरी असावे, आणि ते आपण आपल्या भाषेत द्यावे.